रोमन मोझॅक: पायाखालच्या फरशीला एवढा भाव का?

जुलै २०२५ मध्ये एक बातमी आली होती, बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटली असेल. इटलीतल्या पॉम्पेईला, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या रोमन शहराला, जर्मनीहून एक मोझॅक परत मिळालं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यातल्या एका कॅप्टनने ते इटलीतून नेलं, मायदेशी कुणाला तरी भेट दिलं, आणि तो माणूस गेल्यावर त्याच्या वारसांनी स्वतःहून इटलीच्या पोलिसांशी संपर्क साधला की हे आमच्याकडे आहे, घेऊन जा. त्यात एक प्रेमी जोडपं आहे, अंगावर कपडे जेमतेम, बहुतेक कुणाच्या तरी बेडरूमच्या फरशीतलं.

मी ही बातमी फॅमिली ग्रुपवर टाकली, तर काकांचा पहिला मेसेज, "मोझॅक म्हणजे आपल्या जुन्या क्वार्टर्समधल्या टाइल्स ना रे? त्यासाठी एवढी धावपळ?" सगळ्यांनी हसायच्या इमोजी टाकल्या पण मला वाटतं काकांनी नकळत बरोबर जागी बोट ठेवलं होतं. कारण रोमन मोझॅक म्हटलं की आपल्याला म्युझियमच्या भिंतीवर टांगलेलं चित्र दिसतं, आणि ती मुळात आहे फरशी. लोक त्यावरून चालायचे, त्यावर पाणी ओतून धुवायचे, त्यावर जेवणातली हाडं टाकायचे. चित्र नंतर, फरशी आधी. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं बरंच आपोआप सुटतं.

आधी टाइल्सचा घोळ मिटवू

आपल्याकडे जुन्या घरात मोझॅक टाइल म्हणतात ती म्हणजे संगमरवराच्या चिप्स सिमेंटमध्ये कालवून, साच्यात दाबून केलेली लादी. घरात बसवून झाली की पॉलिशवाला ते घरघरणारं मशीन घेऊन यायचा, घरभर पांढरा चिखल, आणि दोन दिवस सगळ्यांनी शेजाऱ्यांकडे जेवायचं. त्या टाइलमध्ये कुठली चिप कुठे पडली हे कुणी ठरवलेलं नसतं. परदेशात याला टेराझो म्हणतात.

रोमन मोझॅकमध्ये नेमकं उलटं. प्रत्येक तुकडा कुणीतरी हातात धरलाय, त्याचा रंग बघितलाय, आणि इथे हाच बसेल असं ठरवून ओल्या चुन्यात दाबलाय. दगडाच्या, काचेच्या किंवा भाजलेल्या मातीच्या या छोट्या चौकोनी तुकड्याला टेसेरा म्हणतात. शब्द एकदा सांगून ठेवला, पुढे मी सरळ तुकडा म्हणतो.

पण काका अगदीच चुकले असंही नाही. रोमनांकडे एक साधी फरशी असायची, चुन्यात फुटकी कौलं कुटून घातलेली, म्हणजे आपली चुना-सुरखीच की, आणि तिच्या लालसर अंगात पांढरे तुकडे ओळीने नाहीतर ठिपक्यांच्या रांगोळीसारखे बसवलेले. आपल्या मोझॅक टाइलची ती लांबची पणजी म्हणायला हरकत नाही.

आणि मोझॅक हा शब्द आला कुठून, तर ग्रीक पुराणातल्या कलांच्या देवी म्यूझ, त्यांच्यावरून. रोमन बागांमध्ये गुहेसारख्या, कारंजी असलेल्या जागा या देवींच्या नावाने करायचे, त्यांच्या भिंती शंख-शिंपले-काचांनी मढवायचे, त्या सजावटीचं नाव पुढे सगळ्याच कामाला चिकटलं. म्युझियम आणि म्युझिक हे शब्दही याच घरातले.

मग हे रोमनांनी शोधलं का?

नाही. आणि हे रोमनांना स्वतःलाही मान्य होतं.

आजच्या इराकमधल्या उरुक शहरात पाच हजार वर्षांपूर्वीच मातीच्या रंगवलेल्या शंकूंची टोकं भिंतीत खोचून नक्षी करायचे. तुर्कस्तानातल्या गॉर्डियनला इसवी सनापूर्वी नवव्या शतकातली, नदीतल्या गोट्यांची नक्षीदार फरशी सापडलीय. ग्रीकांनी हे गोट्यांचं काम फार वर नेलं. अलेक्झांडरच्या घराण्याची राजधानी पेल्ला, तिथे हरणाच्या शिकारीची एक फरशी आहे, काळ्या पार्श्वभूमीवर फिकट गोट्यांची माणसं, आणि वर चक्क सही, "ग्नोसिसने केलं." फरशीवर कारागिराची सही! आपल्याकडे घर बांधलं की बिल्डरचं नाव लागतं, गवंड्याचं कधी पाहिलंय?

पण गोट्यांची एक अडचण आहे. नदी जो आकार देईल तो घ्यायचा. गहू, तांदूळ, मसूर घेऊन रांगोळी काढली तर भरीव आकार छान जमतो पण नाकाचा शेंडा, पापणीचा केस जमत नाही, तसंच. काही ठिकाणी तर बारीक रेघेसाठी शिशाच्या पट्ट्या उभ्या बसवलेल्या दिसतात, म्हणजे कारागीर किती वैतागले असतील बघा. मग इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, सिसिलीत, अलेक्झांड्रियात, दगड तोडून हव्या त्या आकाराचे आणि हव्या त्या रंगाचे तुकडे करायला लागले आणि खेळच बदलला.

रोमनांनी पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत यातले बहुतेक ग्रीक प्रदेश घशात घातले. इसवी सनापूर्वी १४६ मध्ये कोरिंथ लुटलं, १३३ मध्ये पर्गॅमॉनच्या राजाने तर मृत्युपत्रात राज्यच रोमला लिहून दिलं. लुटीबरोबर आवड पण आली, आणि आवडीमागोमाग कारागीर.

फरशीच्या पोटात काय असतं

वरचा तुकड्यांचा थर सेंटीमीटरभराचा. खरी मेहनत खाली. व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन आर्किटेक्टने कृतीच लिहून ठेवलीय: आधी जमीन धुमसून घट्ट करायची, मग मुठीएवढे दगड पसरायचे. त्यावर खडी आणि चुन्याचा थर, तीन भाग खडीला एक भाग चुना, आणि तो नुसता ओतायचा नाही तर माणसांची टोळी लावून धुमसायचा, शेवटी पाऊण फूट जाडी उरली पाहिजे. त्यावर कुटलेल्या कौलांचा आणि चुन्याचा थर, पुन्हा तीनास एक. मग वर तुकडे, आणि शेवटी घासून सपाट.

ज्यांनी घरच्या गच्चीवर कोबा करून घेतलाय त्यांना हे वाचून ओळखीचं वाटेल. विटांचे तुकडे, उतार, ठोकणं, पाणी मारणं. आमच्या गच्चीचा कोबा तिसऱ्याच पावसाळ्यात गळायला लागला, आणि हे रोमन थर दोन हजार वर्षं जमिनीखाली ओल खाऊन अजून धड आहेत. अर्थात जे फुटले ते आपल्याला दिसत नाहीत, हेही खरं, म्हणजे तुलना थोडी लबाडीची आहे.

तुकडे तोडायची जी पद्धत इटलीत आजही शिकवतात ती बघायला मजा येते. लाकडाच्या ओंडक्यात एक लोखंडी पातं उभं खोचलेलं असतं, अगदी विळीसारखं, त्याच्या धारेवर दगड धरायचा आणि वरून दोन्हीकडे धार असलेल्या हातोडीचा एकच टोला. टक. तुकडा पडला. परत टक. दिवसभर हेच. रोमजवळच्या ऑस्टिया बंदरात सापडलेल्या एका शिल्पपटात माणसं बसून हातोडीने तुकडे पाडताना दाखवलीयत.

साध्या फरशीला साधारण सेंटीमीटरचे तुकडे. पण चेहरा करायचा तर तुकडा चार मिलिमीटरचा नाहीतर त्याहून बारीक, आणि तो सरळ ओळीत नाही बसवायचा, गालाच्या गोलाईबरोबर ओळ वळवत न्यायची. रोमन भाषेत या कामाचं नाव किड्यावरून पडलंय, वळवळत जाणाऱ्या ओळी म्हणून. एखाद्या चांगल्या मोझॅकचा फोटो झूम करून बघा, रंगाआधी या ओळींचा प्रवाह दिसतो, भुवईवरून कपाळाकडे, कपाळावरून केसांत.

हे बारीक काम साइटवर ओणवं बसून करणं अवघड, म्हणून मधलं मुख्य चित्र कारखान्यात दगडाच्या किंवा मातीच्या ट्रेवर बनवायचे आणि तयार झालं की ट्रेसकट आणून फरशीच्या मधोमध बसवायचे. याला एम्ब्लेमा म्हणतात. बाकीची साधी जमीन लोकल माणसं पूर्ण करायची. आता सुरुवातीच्या बातमीकडे या. परत आलेलं ते जोडपं ट्रॅव्हर्टीन दगडाच्या पाटीवरच होतं. अख्खी फरशी कुणी उचलून नेत नाही, पण पाटीवरचं चित्र? ते मुळात हलवता यावं म्हणूनच तसं केलेलं होतं.

दोन मेगापिक्सेलचा अलेक्झांडर

या प्रकारातलं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे पॉम्पेईतलं अलेक्झांडर मोझॅक. (याला ट्रे नव्हता बरं, एवढं मोठं काम कोण उचलणार.) २४ ऑक्टोबर १८३१ ला ते सापडलं, हाउस ऑफ द फॉन नावाच्या तीनेक हजार चौरस मीटरच्या अवाढव्य घरात. पावणेसहा मीटरहून लांब, तीन मीटरहून रुंद, इसवी सनापूर्वी साधारण १०० मधलं. तुकडे किती, तर अंदाज पंधरा-वीस लाखांपासून पुढे जातात. वीस लाख पिक्सेल म्हणजे दोन मेगापिक्सेल, आपल्या जुन्या बटणवाल्या फोनचा कॅमेरा! फक्त इथे एकेक पिक्सेल दगडातून तोडून आणलाय.

चित्रात लढाईचा तो क्षण आहे जिथे पारडं फिरतं. डावीकडून अलेक्झांडर घोड्यावर, डोक्यावर शिरस्त्राण नाही, डोळे फाडून पुढे घुसतोय. उजवीकडे इराणचा बादशहा तिसरा दारयवहुश रथात, पण तो स्वतःचा जीव वाचवायला बघत नाहीये, त्याचा हात मागे, भाल्याने भोसकल्या गेलेल्या आपल्या माणसाकडे पसरलेला. आणि त्याच क्षणी त्याचा सारथी पळायसाठी घोड्यांवर आसूड ओढतोय. एका चौकटीत दोन उलट दिशा. मागे आकाशात भाल्यांचं जंगल आणि एकच वठलेलं झाड.

पण मला दाखवायचाय तो कोपरा वेगळाच. रथाच्या चाकाखाली सापडणार असा एक इराणी सैनिक जमिनीवर पडलाय, समोर एक चकचकीत ढाल आहे, आणि त्या ढालीत त्याला स्वतःचा चेहरा दिसतोय. मरताना स्वतःकडे बघणारा माणूस. आणि हे सगळं मुख्यतः पांढरा, पिवळा, लाल, काळा या चार रंगांच्या घराण्यातले दगड वापरून.

हे चित्र फरशीवर होतं. दोन बागांच्या मधल्या खोलीत, खांबांमागे. पाहुणा बागेतून येऊन तिथे थबकणार आणि मालक म्हणणार, या, या.

हो, पण ही तर ग्रीकांची कॉपी

हा आक्षेप नेहमीचा आणि त्यात तथ्य आहे. अलेक्झांडर मोझॅक हे इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या एखाद्या ग्रीक चित्रावरून केलेलं असावं हे बहुतेक अभ्यासक मानतात. ते मूळ चित्र गेलं. लाकडावरची, कापडावरची ग्रीक चित्रं जवळजवळ सगळीच गेली, आणि कॉपी राहिली कारण ती दगडाची आणि जमिनीत होती. म्हणजे ग्रीकांच्या चित्रकलेचा बॅकअप रोमनांच्या फरशीत सेव्ह झाला.

पर्गॅमॉनच्या सोसोसचं उदाहरण घ्या. थोरला प्लिनी या रोमन लेखकाने मोझॅकवाल्यांपैकी नाव घेतलं ते एवढ्या एकाचंच. त्याचं गाजलेलं काम म्हणजे "न झाडलेली खोली". त्याचं मूळ काम सापडलेलं नाही, पण हेराक्लिटोस नावाच्या कारागिराने सही करून केलेली तशी एक फरशी १८३३ मध्ये रोममध्ये सापडली, ती व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे. पंगत उठल्यावर जमिनीवर जे पडलेलं असतं ते सगळं दगडात: माशाचा काटा, कोंबडीची तंगडी, खेकड्याची नांगी, द्राक्षाचा रिकामा घोस, गोगलगाईचा शंख, आणि एक उंदीर अक्रोड कुरतडतोय. प्रत्येक वस्तूची सावलीसुद्धा पाडलीय, आणि पांढऱ्या जमिनीवर ती सावली बघून हात आपोआप केरसुणीकडे जावा. रोमन लोक जेवताना उष्टं खरंच खाली टाकायचे, त्यामुळे खरा काटा आणि दगडाचा काटा शेजारी शेजारी पडत असणार. आता सांगा, हे भिंतीवर टांगलं तर विनोद उरेल का?

आणि इथेच रोमनांचं स्वतःचं काम सुरू होतं. त्यांनी फरशीला बोलायला लावलं. पॉम्पेईत एका घराच्या दारातच साखळीला बांधलेला काळा कुत्रा आहे आणि खाली "कावे कानेम", कुत्र्यापासून सावध राहा. आपल्या बंगल्यांच्या गेटवरच्या पाटीचा खापरपणजोबा. दुसऱ्या एका घराच्या उंबऱ्यापाशी लिहिलंय "साल्वे लुक्रु", म्हणजे नफ्या, ये बाबा, स्वागत आहे. दारावर शुभ-लाभ लिहिणाऱ्या आपल्या लोकांना हे समजावून सांगायची गरज नाही. माशाच्या सॉसचा मोठा धंदा असलेल्या स्काउरसने तर हॉलच्या चार कोपऱ्यांत आपल्या बाटल्यांची चित्रं बसवून घेतली, लेबलसकट, "स्काउरसच्या कारखान्यातला अस्सल माल" अशा थाटाची. ऑस्टिया बंदरात एका चौकाभोवती व्यापाऱ्यांच्या ऑफिसांची रांग आहे आणि प्रत्येकासमोर फरशीवर काळ्या-पांढऱ्या तुकड्यांचा बोर्ड, जहाज, दीपस्तंभ, उत्तर आफ्रिकेतल्या साब्राथाच्या व्यापाऱ्यांच्या ऑफिसासमोर हत्ती. वाचता न येणाऱ्या खलाशालाही कळावं.

माझी सगळ्यात लाडकी फरशी मात्र ट्युनिशियातल्या स्मिरात गावची, तिसऱ्या शतकातली. मागेरियस नावाच्या धनाढ्य माणसाने लोकांसाठी बिबट्यांच्या झुंजीचा खेळ ठेवला होता. खेळ संपला, पैसे संपले, लोक विसरले तर? म्हणून त्याने अख्खा कार्यक्रमच फरशीत बसवून घेतला. चार शिकाऱ्यांची नावं, चार बिबट्यांची पण नावं, विक्टर, क्रिस्पिनुस, रोमानुस, लुक्सुरियुस. मधोमध एक पोऱ्या तबक घेऊन उभा, त्यात पैशांच्या चार थैल्या. शेजारी मजकूर: निवेदक म्हणतोय प्रत्येक बिबट्यामागे शिकाऱ्यांना ५०० दिनार द्या, आणि थैल्यांवरचा आकडा आहे १०००. म्हणजे मागितले त्याच्या दुप्पट दिले! पुढे गर्दीच्या घोषणाही जशाच्या तशा, मागेरियस असा आणि मागेरियस तसा, याला म्हणतात पैसा, याला म्हणतात ताकद. चौकात लागलेला फ्लेक्स आठवला ना? फरक एवढाच की आपला फ्लेक्स पुढच्या वाढदिवसाला उतरतो.

म्हणजे हा सगळा श्रीमंतांचा चोचला?

घरातलं मोझॅक, हो, मुख्यतः पैसेवाल्यांचंच. सिसिलीतला व्हिला रोमाना देल कासाले बघा, चौथ्या शतकाच्या सुरुवातीचा, एका बंगल्यात साडेतीन हजार चौरस मीटर मोझॅक. साठ मीटरहून लांब कॉरिडॉरमध्ये जंगली जनावरं पकडून जहाजात चढवतानाची मिरवणूक, एका टोकाला हत्ती आणि वाघ यांच्या संगतीत बसलेली सावळी स्त्री, जिला बरेच अभ्यासक भारत समजतात, काही आफ्रिका. याच घरात त्या प्रसिद्ध बिकिनीतल्या मुली आहेत ज्यांचे फोटो सगळीकडे फिरतात. त्या बीचवर नाहीत, त्या खेळाडू आहेत, कुणी डंबेल्स धरलेत, कुणी थाळी फेकतेय, एकीला बक्षीस मिळालंय. आणि त्या खोलीच्या कोपऱ्यात वरचा थर उडालाय तिथे खालची जुनी भौमितिक फरशी दिसते. जुनी उखडायचा खर्च वाचवून वरूनच नवी टाकलीय! एवढ्या बंगल्यात राहूनही कॉन्ट्रॅक्टरशी हुज्जत सुटली नसावी.

पण मोझॅक फक्त बंगल्यांत नव्हतं, सार्वजनिक स्नानगृहांतही होतं, आणि तिथे थोड्या पैशांत कुणीही जायचं. ओल्या पायाने, अनवाणी, तळव्याला ते तुकडे लागत. मला वाटतं बऱ्याच साध्या रोमन माणसांना ही कला डोळ्यांइतकीच तळपायांनी माहीत असणार.

आणि करणाऱ्यांना काय मिळायचं? सम्राट डायोक्लिशियनने इसवी सन ३०१ मध्ये महागाईला वैतागून मजुरीचे कमाल दर जाहीर केले, ती यादी टिकलीय. शेतमजूर दिवसाला २५ दिनार आणि जेवण. मोझॅकवाला ५० किंवा ६०, कामाच्या प्रकारानुसार. भिंत रंगवणारा ७५. चित्रं काढणारा चित्रकार १५०. म्हणजे मजुराच्या दुप्पट, पण चित्रकाराच्या निम्म्याहून कमी. ज्याची चित्रं बहुतेक सगळी नाहीशी झाली त्याला दीडशे आणि ज्याचं काम टिकलं त्याला साठ, हिशोब आहे हा असा.

त्यात स्वस्तिक दिसतं, मग ते आपलं?

हा फॉरवर्ड मला पण आलाय. रोमन फरशांवर स्वस्तिक खरंच खूप दिसतं, बहुतेकदा एकमेकांत गुंतलेल्या रेषांच्या किनारीत. पण सरळ रेघ चार वेळा काटकोनात वळवत नेली की ती आकृती तयार होतेच, वेण्या आणि जाळ्यांच्या नक्षीत जगभर झालीय. ग्रीकांकडे ती रोमनांच्याही कितीतरी आधीपासून होती. एवढ्यावरून कुणी कुणाला शिकवलं हे ठरत नाही.

खरा धागा हवा असेल तर तो आहे, आणि तो महाराष्ट्रापर्यंत येतो. १९३८ मध्ये पॉम्पेईत हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली, तिला लोक पॉम्पेईची लक्ष्मी म्हणतात. तशाच घाटणीच्या मूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिवजवळच्या तेरला मिळाल्यात. सोपारा, कल्याण या बंदरांतून रोमशी व्यापार चालायचा, आणि कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेला ब्राँझचा समुद्रदेव अजून तिथल्या टाउन हॉल म्युझियममध्ये उभा आहे. पॉम्पेईची ती मूर्ती आज नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे, अलेक्झांडर मोझॅक आहे त्याच इमारतीत. नेपल्सला गेलात तर पिझ्झ्याआधी तिथे जा.

जमिनीवरून भिंतीवर

हे थोडक्यात सांगतो कारण तो वेगळाच विषय आहे. काच पायाखाली टिकत नाही, भिंतीवर आणि छतावर टिकते. चौथ्या-पाचव्या शतकापासून चर्च बांधली जाऊ लागली तशी काचेची मोझॅकं मोठ्या प्रमाणावर भिंतींवर चढली, आणि सोन्याचा वर्ख काचेच्या दोन थरांमध्ये दाबून केलेले सोनेरी तुकडे आले. इटलीतल्या राव्हेन्नाला सान व्हिताले चर्चमध्ये, इसवी सन ५४७ चं ते, सम्राट जस्टिनियन आणि त्याची राणी थिओडोरा सोन्याच्या पार्श्वभूमीवर उभे आहेत. तिथे तुकडे मुद्दाम किंचित तिरके बसवतात, म्हणजे दिव्याची ज्योत हलली की भिंत लुकलुकते. फरशीवर असं केलं असतं तर लोक ठेचकाळून पडले असते.

मग उचलून म्युझियममध्ये ठेवलं तर बिघडलं काय?

कधीकधी उचलावंच लागतं. तुर्कस्तानात युफ्रेटिसवर बिरेजिक धरण झालं तेव्हा २००० साली झ्यूग्मा शहराचा काही भाग पाण्याखाली गेला, घाईघाईने मोझॅकं काढली नसती तर ती बुडाली असती. गाझियानटेपच्या संग्रहालयात आज ती आहेत, त्यातला विस्कटलेल्या केसांच्या मुलीचा चेहरा तर शहराची ओळखच झालाय. त्याच मोझॅकच्या कडेचे बारा तुकडे फार पूर्वी चोरीला जाऊन अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने १९६५ मध्ये विकत घेतले होते, ते २०१८ मध्ये परत आले.

पण उचलणं म्हणजे काय ते ऐका. वरून कापड चिकटवायचं, खालून थर कापायचा, आणि चटईसारखी गुंडाळी करायची नाहीतर तुकडे पाडून न्यायचं. मग मागून नवा आधार. विसाव्या शतकात हा आधार म्हणून सळया घातलेलं सिमेंट सर्रास वापरलं, मजबूत म्हणून. सळया गंजल्या, फुगल्या, आणि दोन हजार वर्षं शाबूत राहिलेली मोझॅकं पन्नास वर्षांत तडकली. स्लॅबमधली सळई फुगून प्लास्टर पडलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल. त्यामुळे आता शक्यतो जागच्या जागी ठेवतात, आणि बऱ्याचदा तर नोंदी-फोटो करून पुन्हा माती-वाळू टाकून पुरून टाकतात. बातमी येते "अप्रतिम मोझॅक सापडलं", आपण जातो बघायला, आणि तिथे शेत असतं. लोक चिडतात, पण फरशीला जमिनीत जेवढं सुरक्षित वाटतं तेवढं कुठेच नाही.

आणि दुसरं टोक म्हणजे न्यूयॉर्क. वेडसर सम्राट कॅलिगुलाने नेमी तलावात तरंगते महाल बांधले होते, त्यातल्या फरशीचा एक चौकोन, गोल नक्षीचा, हिरव्या आणि जांभळट दगडांचा, तिथल्या एका फ्लॅटमध्ये पाचएक दशकं कॉफी टेबल म्हणून वापरात होता. त्यावर कप, ग्लास, फुलदाणी. २०१७ मध्ये जप्त झाला, आता नेमीच्या संग्रहालयात आहे. अलेक्झांडर मोझॅक पण १८४३ मध्येच घरातून काढून नेपल्सला नेलं आणि भिंतीवर उभं केलं. मूळ घरात २००५ पासून त्याची हुबेहूब प्रतिकृती आहे, जमिनीवर, आडवी. ती नकली आहे, पण अलेक्झांडर कुठून कसा दिसायचा, खांबांमधून येताना आधी काय नजरेत यायचं, हे त्या नकलेवरूनच कळतं. अस्सल बघायला नेपल्स आणि खरं बघायला पॉम्पेई, अशी गंमत आहे.

तरी उचलल्यामुळे एकदा एक वेगळीच गोष्ट हाती लागली. इस्रायलमधल्या लोद गावात १९९६ साली रस्त्याच्या कामात एक मोठं रोमन मोझॅक निघालं, इसवी सन ३०० च्या आसपासचं, सिंह, हत्ती, मासे, जहाजं, सगळं. २००९ मध्ये ते दुरुस्तीसाठी उचललं तेव्हा खालच्या चुन्याच्या थरावर पावलं उमटलेली सापडली. तुकडे बसवायच्या आधी कारागीर त्या ओल्या थरावर वावरले होते. काही पावलं चपलांची आहेत, काही अनवाणी, बोटं मोजता येतील अशी.